करीममामू सोडवून बघतात

करीममामूंनी एकदा माझी आई सोडवून ठेवली होती.

झालं असं, आमच्या घरात आईचं आणि सुमनचं, म्हणजे माझ्या बायकोचं, रोज वाजायचं. मामू शेजारी, मधली भिंत एकच. एके सकाळी ते आले, आईला पिशवी भरायला लावली आणि कळमनुरीच्या गाडीत बसवून माझ्या बहिणीकडे धाडून दिलं. मला म्हणाले, "आठ रोज थांब, दत्ता. आता आवाज कुठून येऊन राहिला ते बराबर कळंल."

आठ दिवस आवाज येतच राहिला. फरक एवढाच, की आता तो सुमनचा आणि माझा होता. आई परत आली त्या दिवशी मामू मला बाजूला घेऊन म्हणाले, "माय बी ठीक हाय, सून बी ठीक हाय. बिघाड तुझ्यात हाय." घ्या! बायको वर्षभर हेच ऐकवत होती मला.

मामू ट्रॅक्टरचे मिस्त्री. शिरड शहापूरला रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं की हात वर करून म्हणतात, "सोडव आधी, मंग बोल." जोडलेल्या मशीनमध्ये एकाचं दुखणं दुसरं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एकेक भाग सुटा करायचा आणि ज्याचं त्याला विचारायचं. एकदा गुडघा दुखतो म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरलाच विचारतात, "पाय सोडवून बघता येत न्हाई काय?" लाजेनं मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता बोटीचं. आमच्या मच्छीमार सोसायटीनं धरणावर एक जुनी बोट आणली, मागं दोन इंजिनांची. मी ती चालवतो. या पावसाळ्यानंतर तिचं स्टिअरिंग असं जड झालं की डावीकडं वळवायचं तर चाकाला लोंबकळावं लागायचं. वरून चाक सरळ धरलं तरी बोट आपली एका अंगाला ओढायची. मी मामूंना सांगितलं, तर "बघू कधीतरी" म्हणाले. पाण्यातली मशीन म्हणजे त्यांना सावत्र.

पण चारच दिवसांनी ते स्वतः पान्ह्यांची पेटी घेऊन धरणावर हजर. मी म्हटलं, "काहून मामू, आज रस्ता चुकले काय?"

ते पेटीवरच बसले. त्यांची एकुलती एक पोरगी शाहीन पलीकडच्या काठाला दिलेली. तिला सातवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. त्यांच्यात तीच, आमच्यात तीच. पण व्याह्यांचा निरोप आला होता, की रस्ता सगळा खोदून ठेवलाय, पोरीला धक्के सोसायचे नाहीत. आणि दुसरं, तुमच्या घरात बाईमाणूस नाही, मग करणार कोण? तेव्हा बाळंतपण इकडंच करू. शाहीनची आई जाऊन तीन वर्षं झालेली. शाहीननं स्वतः काहीच कळवलं नव्हतं, आणि मामूंना तेच जास्त लागलं होतं.

"दोन बिघाड हायेत," मामू म्हणाले. "दोन्ही एकदम बघायचे न्हाईत. रस्त्याचं तुझी बोट करंल. दुसरं मी बघतो."

बोट काठावर ओढून घेतली. मामूंनी आधी चाकापासून आलेली केबल इंजिनावरून सोडवली आणि मला चाक फिरवायला सांगितलं. एका बोटानं गरगर फिरलं. "चाक बेकसूर, केबल बेकसूर," मामू म्हणाले. मग दोन्ही इंजिनांना एकत्र वळवणारी मधली दांडी काढली. उजवं इंजिन हातानं ढकललं तर दारासारखं फिरलं. डाव्याला आम्ही दोघं भिडलो तरी ते रुसलेल्या जावयासारखं जागचं हलेना.

मामूंनी डाव्याची, ज्यावर ते वळतं ती खीळ मोकळी केली. आत काळं, घट्ट, गाळ मिसळून दगड झालेलं ग्रीस! मामू कडाडले, "कोण गाढवानं भरलं हे?"

मी म्हटलं, "तुमीच, मामू. दसऱ्याला."

आमच्याकडं दसऱ्याला मशीनला हार घालतात, कुंकू लावतात आणि सणाचं म्हणून पोटभर ग्रीस चारतात. मामू त्या दिवशी आपली ट्रॅक्टरची ग्रीसगन घेऊन आले होते आणि डाव्याला चारता चारता ग्रीस संपलं होतं. म्हणून उजवं वाचलं.

मामूंनी थोडं ग्रीस बोटांवर चोळून बघितलं. मग म्हणाले, "ग्रीस चांगलं होतं. जागा चुकली."

डिझेल ओतून, खरवडून, इंजिन पुढं-मागं हलवून सगळं मोकळं केलं आणि पाण्यात चालणारं ग्रीस भरलं. मग मामूंनी दोन्ही इंजिनांच्या खालच्या टोकांमध्ये सुतळी धरली, एकदा पुढून, एकदा मागून. पुढं अंतर कमी, मागं जास्त. "बघ, एक बैल जोडीदाराच्या अंगावर चालून राहिला. बोट ओढणार न्हाई तर काय?" दांडीचं नट फिरवत फिरवत त्यांनी दोन्ही अंतरं सारखी केली. पाण्यात घातल्यावर बोट सुतासारखी सरळ गेली. मी आनंदानं ओरडलो. मामू मात्र लगेच म्हणाले, "आज न्हाई. पुढच्या शुक्रवारी जाऊ. माझं दुसरं काम बाकी हाय."

शुक्रवारी ते इस्त्रीचा कुर्ता घालून आले. मामूंच्या निरोपावरून पलीकडच्या काठावर शाहीन आणि तिची सासू उभ्या होत्या. पोरीच्या हातात पिशवी नव्हती.

शाहीन खाली मान घालून म्हणाली, "अब्बा, मैं आऊं तो बच्चे कू नहलाएगा कौन?"

"मैं," मामू म्हणाले.

सासू पदराआड हसली. मामू तिथंच वाळूत बसले, दोन्ही पाय लांब केले आणि त्यावर हवेतलंच लेकरू पालथं घातलं. "असं. एका हातानं हनुवटी धरायची, दुसऱ्यानं पाणी. दत्ताच्या मायनं शिकवलं. आठवडा झाला, रोज ज्वारीच्या पिशवीला न्हाऊ घालून राहिलो. डिंकाचे लाडू बी जमले. पहिले जळले, मीच खाल्ले."

अस्सं! रोज संध्याकाळी भिंतीपलीकडं आईचा आवाज का चढायचा, ते मला आत्ता कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

सासूचं हसू थांबलं होतं. मामूंनी शाहीनपुढं दोन्ही हात पसरले. जन्मभर काळे असलेले ते हात लिंबू आणि राखेनं घासून घासून लाल झाले होते, नखांच्या कडा सोलवटल्या होत्या.

"बघ बेटा," ते हळूच म्हणाले, "लेकराला घ्यायला चालतील न्हाई का?"

शाहीननं ते हात धरले ते सोडलेच नाहीत. सासूच घरी गेली आणि तिची पिशवी घेऊन आली.