वेटिंगवरचा सत्कार

गोमाजी तांडेलांच्या मुलीला पोर्तुगीज येते हे डोंबिवली पश्चिमेला ज्याला माहीत नसेल, तो माणूस कालच राहायला आला असणार, असे खुशाल समजावे! खाडीकाठी कोलंबी विकताना गोमाजी सुट्टे परत द्यायला विसरत, पण "आपली प्राप्ती लिस्बनला चालली, इतिहास शिकायला!" हे सांगायला कधी विसरत नसत.

चालली मात्र नव्हती. तिथल्या एका विद्यापीठात तिने एम.ए.साठी अर्ज केला होता आणि रोज दात घासायच्या आधी ती मेल बघायची, इतकंच.

एका संध्याकाळी मेल आला.

"आबा, मला वेटिंग लिस्टवर टाकलंय," प्राप्ती पडेल आवाजात म्हणाली.

"म्हनजे नंबर लागला!"

"नाही ओ! कुणी सीट सोडली तरच लागेल."

"अगो, शिर्डीला जाताना आपला तिकीट कदी वेटिंगशिवाय असतो का? मग आपन कदी घरी राह्यलोय?"

इतिहासात पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलीने मेल पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

गोमाजींनी ही आनंदाची बातमी फक्त एकाच माणसाला सांगितली. पण तो माणूस म्हणजे मित्रमंडळाचे अध्यक्ष कुंडलिकनाना! दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'लिस्बन येथे निवड झाल्याबद्दल डॉ. प्राप्ती तांडेल हिचे हार्दिक अभिनंदन!' कोपऱ्यात कुणाच्या तरी हळदीच्या कार्यक्रमातला प्राप्तीचा फोटो आणि उरलेल्या सगळ्या जागेत गॉगल लावून फोनवर बोलणारे नाना.

ठाण्याच्या लायब्ररीतून परतलेली प्राप्ती रिक्षातून उतरली, तिने वर बघितलं आणि ती पुन्हा रिक्षात जाऊन बसली.

"आबा, काढायला लावा तो!" घरी येताच ती कडाडली. "आणि डॉक्टर कोण?"

"नाना बोलले, कदी ना कदी होनारच हाय, मंग परत छपाई कशाला?"

"लोकांना काय सांगू मी?"

"काय नको सांगू. रविवारी सत्कार हाय, त्यात पोर्तुगीजमधे भाषन कर. मी कबूल करून आलोय!"

प्राप्तीने कपाळावर हात मारला. "आबा, मला पोर्तुगीज वाचता येतं, बोलता येत नाही! चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या लोकांची पत्रं वाचते मी. ती माणसं उलटून बोलत नाहीत!"

"मंग यखादा पत्रच बोलून दाखव की!"

रविवारी शाल झाली, नारळ झाला, पेढे वाटून झाले. प्राप्ती माईकसमोर उभी राहिली आणि तिला तोंडपाठ असलेलं एकमेव पत्र म्हणू लागली. सुरुवातीला आवाज कापला. मग चढत गेला, आणि शेवटी तर ती मूठ आपटून बोलत होती! तिची आई मंजुळा पदराने डोळे पुसू लागली. गोमाजी खुर्चीतून उठून उभेच राहिले. मासळी साफ करता करता भिंतीवर चिकटवलेले पोर्तुगीज शब्द घोकणारी आपली पोर! स्वतः सातवीत शाळा सोडलेल्या बापाला त्या क्षणी जगात आपल्याइतका श्रीमंत कुणी दिसेना.

"आई-बापाबद्दल काय बोलली पोर!" नाना गहिवरले.

"नक्की काय बोललीस गो?" घरी आल्यावर गोमाजींनी विचारलं.

"एका कप्तानाची तक्रार आहे, आबा. तांदळात किडे झालेत, शिडं कुजलीत आणि खलाशांना पगार नाही."

गोमाजींनी सत्काराची शाल नीट घडी घालून ठेवली. "बरोबर बोलला तो," ते म्हणाले. "आनि तू पन जाम भारी बोललीस!"

पण मेल काही येईना. "कधी निघतेस?" म्हणून जो तो विचारू लागला, तशी प्राप्ती चौक टाळून मागच्या गल्लीने जायला लागली. गोमाजींनी ते बघितलं. ते गिऱ्हाइकांशी बोलेनासे झाले, सुट्टे चोख परत देऊ लागले. एका पहाटे त्यांनी कोयत्याने दोऱ्या कापून स्वतःच फ्लेक्स उतरवला आणि त्याने आपली होडी झाकून टाकली, नानांचं तोंड खाली करून.

आणि त्याच दिवशी दुपारी प्राप्ती किंचाळली, "आबा, सीट मिळाली! खरंच मिळाली!"

मंजुळेने देवापुढे साखर ठेवली. गोमाजी अनवाणीच बाहेर धावले.

"नाना! नंबर लागला!"

"कुनाचा?"

"आपल्या प्राप्तीचा!"

"तो तर कवाच लागला! मीच नाय का शाल घातली?"

गोमाजी बाजारात गेले. "ता जुना झाला," कोळणी म्हणाल्या, "नवीन काय हाय ता सांग!" इस्त्रीवाला तर मान वर न करता म्हणाला, "पेढे खाल्लेत, काका." आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी खिशात आणि घ्यायला कुणी तयार नाही!

शेवटी त्यांनी एका अनोळखी रिक्षावाल्याला हात केला. "माजी मुलगी लिस्बनला चालली!"

"त्या डॉक्टरबाई ना? फ्लेक्स बघितलेला मी," रिक्षावाला म्हणाला. "अजून इथंच आहेत?"

गोमाजी आत बसले.

"चल, कल्यानला घे," ते म्हणाले. "तिकडं अजून कुनाला म्हाईत नाय!"