इंदूबाईंचं आरमार

इंदूबाई मेश्राम यांच्या घरी पुढच्या खोलीत एक खाट होती. खाटेवर मच्छरदाणी लावलेली असायची, चारही कडा गादीखाली नीट खोचलेल्या. आत कोणी झोपायचं नाही. आत महायुद्ध असायचं. बाई स्वतः खाली चटईवर झोपायच्या, उघड्यावर, डासांचे चावे खात.

अड्याळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी नेमणूक झाली आणि मी त्यांच्याकडे मागची खोली भाड्याने मागायला गेलो, तेव्हा मला वाटलं, आत कोणी आजारी आहे. मी आवाज खाली आणून विचारलं, "पेशंट आहे का?"

"हो," बाई म्हणाल्या. "तीन हायेत. तिन्ही सीरियस."

मग त्यांनी मच्छरदाणीची एक कड उचलून दाखवली. आत जगाचा नकाशा होता, जाड पुठ्ठ्यावर छापलेला. त्यावर लाल, हिरवी, निळी इवलीशी जहाजं, विमानं, रणगाडे आणि शिपाई. बाईंचा पुतण्या परदेशातून सुट्टीवर आला होता, तेव्हा हा खेळ घेऊन आला. दोन आठवडे त्याने बाईंना नियम शिकवले आणि खेळ इथेच टाकून तो परत गेला. मच्छरदाणी पालींसाठी होती. एक पाल एकदा छतावरून थेट भूमध्य समुद्रात पडली होती म्हणे, आणि तेव्हापासून बाईंचा तिन्ही देशांच्या विमानदळांवरचा विश्वास उडाला होता.

"खेळता येते का तुले?" त्यांनी विचारलं.

"बुद्धिबळ येतं थोडं."

"ते राजामहाराजाचं काम. हे येगळं हाय. खोली देतो, पन दर इतवारी बसा लागन."

अशी मला खोली मिळाली.

इंदूबाई आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या नर्स. लग्न केलं नाही. आजूबाजूच्या गावांतली निम्मी माणसं त्यांच्या हातांवर जन्मलेली, आणि ही गोष्ट त्या कोणाला विसरू देत नसत. बाजारात एखादा मिशीवाला भाजीवाला भाव कमी करेना, की त्या त्याला सगळ्यांदेखत म्हणत, "उलटा आला होता तू. तवापासून आडमुठाच हायेस." भाव कमी व्हायचा. मला त्या 'डाक्टर' म्हणत, पण त्याआधी एक क्षण थांबून, म्हणजे ऐकणाऱ्याला 'ढोरांचा' हा शब्द आपोआप ऐकू यावा.

खेळायला आम्ही तिघं. मी, बाई आणि मोरेश्वर. मोरेश्वरचं बसस्टँडसमोर मेडिकलचं दुकान. त्याचा हिरवा देश, माझा लाल. दोन्ही मोठे, जमिनीला जमीन लागलेली. बाईंचं निळं. निळं म्हणजे बेट. चारी बाजूंनी पाणी, देश एवढासा, आणि बाकीची कमाई समुद्रापलीकडच्या लांबलांबच्या मुलखांतून येणारी. आम्ही कित्येकदा म्हणालो, बाई, देश बदलून घ्या. त्या ऐकायच्या नाहीत.

"बेट घेतलं तं शेजारी नाई राहत," त्या म्हणायच्या. "शेजारी नाई तं धुऱ्याचं, बांधाचं भांडन नाई. किती चांगलं!"

बेट कसं खेळावं याचं बाईंचं एक शास्त्र होतं, आणि ते सगळं आरोग्य केंद्रातून आलेलं होतं. पहिल्या दोन फेऱ्यांत त्या एकही जहाज घेत नसत. फक्त शिपाई घेत आणि मायदेशात दाटीवाटीने उभे करत. याला त्या 'पहिला डोस' म्हणत. मग दुसरा डोस, मग बूस्टर. मोरेश्वर हसायचा. पण एकदा त्याने बेटावर सैन्य उतरवलं आणि त्याचे सगळे रणगाडे किनाऱ्यावरच संपले, तेव्हापासून तो हसायचा बंद झाला.

त्यानंतर पाणबुड्या. बाई लढाईच्या भानगडीत न पडता आमच्या व्यापाराच्या वाटेवर पाणबुड्या बसवून ठेवायच्या. तिथून आमची कमाई निम्म्यावर यायची आणि आम्ही हळूहळू सुकायचो. "लढाई कायले करतं," त्या म्हणायच्या, "जेवन बंद केलं की मानूस आपोआप आडवा होते."

सैनिक वाहून नेणाऱ्या जहाजाला त्या ॲम्ब्युलन्स म्हणत. या जहाजाला स्वतःला लढता येत नाही. "ॲम्ब्युलन्स एकटी रवाना नाई करायची," हे त्यांचं ब्रीद. पुढे एक विनाशिका, मागे एक विनाशिका, मधे ॲम्ब्युलन्स. सर्वात मोठी युद्धनौका म्हणजे मेट्रन. ती बंदरातून हलत नसे. तिने फक्त दिसायचं, आणि तेवढ्यावर सगळ्यांनी नीट वागायचं. शिपायांना त्या पोट्टे म्हणत. फासे वाईट पडून शिपाई मेला, की त्याला उचलून तळहातावर घेत आणि "गेला बिचारा" म्हणून डब्यात ठेवत. आमचे मेले तरी तसंच.

पण बाईंचं खरं हत्यार नकाशावर नव्हतंच. दुपारी चहा आणि लाखोळीच्या डाळीचे वडे व्हायचे. मी हात धुवायला मागे गेलो, की बाई मोरेश्वरच्या कानाशी जाऊन म्हणत, "डाक्टर तुह्या हद्दीवर रनगाडे जमवून राहिला गा. मले का? मी सांगून देल्लं." मग मोरेश्वर पान खायला बाहेर गेला, की माझ्या बशीत एक वडा जास्तीचा पडे. "मोरेश्वरचा इरादा चांगला नाई दिसत. मेडिकलवाले असेच रायतेत." आम्हा दोघांना हा डाव पुरता ठाऊक होता. तरी दर रविवारी आम्ही एकमेकांवर तुटून पडायचो, आणि बाई चष्मा पुसत निळ्या पाण्यात एक पाणबुडी पुढे सरकवायच्या.

एक डाव किती चालावा? पुतण्या म्हणे, एका दिवसात संपतो. आमचा एक डाव धानाच्या रोवणीला सुरू झाला, धान कापून घरात आलं तरी चालूच होता. बाई हरत नसत आणि जिंकतही नसत. संध्याकाळ झाली की मच्छरदाणी खाली यायची. "आता बाकीचं पुढच्या इतवारी. पोट्टे थकले."

मला शंका यायला बराच वेळ लागला.

एका रविवारी माझी राजधानी जवळजवळ मोकळी होती. मी सगळं सैन्य मोरेश्वरवर घातलं होतं. राजधानीत एक शिपाई. आणि समोरच्या समुद्रात बाईंच्या दोन भरलेल्या ॲम्ब्युलन्स, मागेपुढे विनाशिका, नियमाप्रमाणे. नवख्या माणसालाही दिसलं असतं. बाई माझ्या राजधानीकडे बघत राहिल्या. चष्मा वर केला, खाली केला. मग जहाजं उचलली आणि परत बेटाकडे नेली.

"बाई, हे काय?" मोरेश्वर ओरडला. "घेऊन टाका ना त्याची राजधानी! संपते खेळ!"

"नाई दिसलं बापा मले," बाई म्हणाल्या.

त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो, तेव्हा मोरेश्वर मला म्हणाला, "बाईची नजर गेली. मोतीबिंदू असन." मी हो म्हणालो. पण आदल्याच आठवड्यात बाईंनी रस्त्यावरून जाणाऱ्या गाईकडे दारातून बघून मला सांगितलं होतं की तिच्या डाव्या मागच्या खुराला काहीतरी लागलंय, आणि खुरात खरंच खिळा निघाला होता. पुढच्या महिन्यात असंच मोरेश्वरच्या राजधानीच्या बाबतीत झालं.  मी वडा खाल्ला आणि फासे टाकले. खेळ संपला तर आम्ही कशाला बसू, हा हिशेब त्यांनी केला होता आणि मला तो कळला होता. कळला आणि आवडलाही.

पावसाळ्यात बाईंना ताप आला. तालुक्याच्या दवाखान्यात जायला त्या तयार नव्हत्या. "माह्या हाताखालच्या पोरी तिथं सिस्टर हायेत. त्याईच्याकडून सलाईन लावून घेऊ का मी?" शेवटी मी आणि मोरेश्वरने त्यांना अक्षरशः उचलून जीपमध्ये घातलं. तिथे सलाईन लावणारी पोरगी चळाचळा कापत होती आणि बाई तापातही तिला सांगत होत्या, शीर कुठे शोधायची ते. चार दिवसांनी घरी आल्या त्या खूप वाळून आल्या. चालताना भिंतीला हात लावायला लागल्या. मी माझी खाट मागच्या खोलीतून मधल्या खोलीत आणली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मी उठायच्या आधी माझ्या उशाशी चहा असायचा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या बढतीचा आदेश आला. बढती आणि बदली, दोन्ही एकदम. बदली थेट सिंधुदुर्गात, समुद्राला लागून असलेल्या तालुक्यात. माझे आईवडील साताऱ्याकडचे, त्यांना आनंद झाला. मी मात्र दोन दिवस आदेश खिशात घेऊन फिरलो आणि मग मोरेश्वरच्या दुकानात बसून त्याला सांगितलं, "नाही म्हणून कळवणार आहे. बढती नको."

"काहून?"

"इथं बरं आहे माझं."

मोरेश्वर माझ्याकडे बघत राहिला. "बाईसाठी का?"

मी गोळ्यांच्या डब्या बघायला लागलो. मी त्याला बजावलं, बाईंना सांगू नकोस. पण मोरेश्वरला आजवर बाईंपासून साधी हद्दीवरची हालचाल लपवता आली नव्हती.

रविवार आला. मी खाटेपाशी बसलो. बाईंनी मच्छरदाणी खोचलेली नव्हती. ती काढून, घडी करून बाजूला ठेवली होती. वडेही नव्हते.

"माही पाळी हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी मेट्रन बंदरातून बाहेर काढली. मोरेश्वर हातातला चहा विसरला. मग विनाशिका, मग पाणबुड्या, सगळ्याच्या सगळ्या पलीकडच्या समुद्रात, माझ्या आरमारावर. मग ॲम्ब्युलन्स, एकट्या. मायदेशात दाटीवाटीने उभे असलेले शिपाई त्यांनी मुठीने उचलले आणि जहाजांत भरले. बेटावर एकही पोट्टा राहिला नाही. हिरवळ, दोन कारखाने, बस्स.

"बाई, तब्येत बरी हाय ना?" मोरेश्वरने विचारलं.

"फासे टाक म्हनलं ना."

फासे पडले. मेट्रन बुडाली. पाणबुड्या गेल्या. पहिल्यांदाच बाई कोणाला "बिचारा" म्हणाल्या नाहीत. एकेक जहाज उचलून त्या थेट डब्यात टाकत होत्या, भांडी घासून फळीवर ठेवावीत तशा. मग माझी पाळी आली. माझं भरलेलं जहाज बेटापासून एका घरावर होतं. इतके दिवस ते बेट घ्यायचं मी स्वप्न बघितलं होतं. आता माझा हात पुढे होईना.

"मी नाही घेत," मी म्हणालो.

"काहून नाई घेत? मोकळं हाय."

"तुम्ही मुद्दाम करताय."

"हट्! फासे खराब पडले." मग त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी क्वचितच पाहिला होता. "पाह्य डाक्टर. बरा झालेला पेशंट मी कवाच खाटेवर ठेवला नाई. लोकं म्हनत, सिस्टरबाई, अजून दोन रोज राहू द्या, घरी कोन पाहन. मी सुट्टी देत होती. खाट अडवून ठेवायची नसते. घे ते बेट."

मी जहाज सरकवलं. बेटावर एक लाल शिपाई ठेवला. हातातून तो आडवा पडला, मी त्याला परत उभा केला.

"झालं," बाई म्हणाल्या. "संपला डाव. कवा जाशीन?"

मोरेश्वर पान आणायला उठून बाहेर गेला आणि बराच वेळ परत आलाच नाही. आम्ही दोघांनी मिळून रंगारंगाने सगळं वेगळं केलं, पटाची घडी घातली आणि खोका बंद केला. खाट मोकळी झाली. बाईंनी गादी झटकली, चादर बदलली आणि तिच्यावर बसून पाहिलं. "कडक झाली," म्हणाल्या.

मी आठवड्याने निघालो. बस यायच्या वेळी बाई बसस्टँडवर आल्या नाहीत. एका पोरीचे दिवस भरलेत, तिला बघायला गेल्यात, असं मोरेश्वरने सांगितलं. त्याने डोळे दुसरीकडे वळवून सांगितलं, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

नव्या गावी पहिल्या रविवारी दुपारी करायला काही नव्हतं. मी जेटीवर जाऊन बसलो आणि बाईंना फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला गेला.

"समुद्रापाशी बसलोय," मी म्हणालो.

"मंग सांग. कसा हाय?"

"मोठा आहे."

"मोठा तं नकाशातबी हाय. पलीकडचा काठ दिसते का?"

"नाही दिसत, बाई."

"अगदीच नाई?"

"अगदीच नाही. पाणी आणि मग आभाळ."

"अय्यो बापा," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने त्यांना हसू आलं. "अन् मी त्याच्यात दोन दोन ॲम्ब्युलन्सा पाठवत होती. कोनी सांगतलं बी नाई."

मीही हसलो. मग त्यांनी जेवणाचं विचारलं, खोलीचं विचारलं, पाणी उकळून पितोस का ते विचारलं. सगळं विचारून झालं. मच्छीमारांच्या होड्या परत येत होत्या, त्यांची इंजिनं बाईंनाही ऐकू जात असावीत.

"कोन हाय तुह्यासंगं तठी?"

"कोणी नाही. एकटाच बसलोय."

"मोरेश्वर आज पोरीकडं गेला, नागपूरले," बाई म्हणाल्या.

 पलीकडे पंख्याचा आवाज येत होता, मग तोही येईनासा झाल्यासारखं वाटलं. मला वाटलं लाईन गेली.

"बाई? आहात का?"

"हाय ना," त्या म्हणाल्या. "ठेवू नको."