खातीपुऱ्याचा मुका हेर

तीक्ष्ण नजरेची माणसं जगात पुष्कळ असतील, पण नजर आणि जीभ दोन्ही धारदार असलेला शोधक एकच, आणि तो जयपुरात खातीपुऱ्याला वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, असं सदाशिवराव धायगुडे यांचं प्रामाणिक मत होतं. पोटासाठी ते विमा कंपनीत दावे तपासत. एकदा एका जळालेल्या गोठ्यात म्हैस नव्हतीच, हे त्यांनी हुडकून काढलं (ती त्यांच्यामागेच उभी होती), तेव्हापासून त्यांनी कार्डच छापून घेतलं: ‘सप्तभाषी गुप्तहेर’. असे गुप्त, की कोपऱ्यावरचा कचोरीवालासुद्धा त्यांना ‘जासूसजी’ म्हणून हाक मारी.

सात भाषा म्हणजे मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत, गुजराती, कानडी आणि बंगाली. बंगालीत त्यांना रसगुल्ला मागता येई. दुसरा मागायची वेळ आली, की हिंदी.

बायको गिरिजाबाई यांना एकच वेड, कीर्तनाचं. जयपुरात कुठलं आलंय कीर्तन! पण त्या वर्षी देवरामबुवा अजमेरपर्यंत आले आहेत असं कळलं, आणि बाईंनी पलटणीतल्या सुभेदारणींपासून बँकेतल्या साहेबिणींपर्यंत सगळ्यांना गोळा करून इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळचं कीर्तन ठरवलं. बुवांना स्टेशनवरून आणायचं एवढंच काम सदाशिवरावांकडे दिलं. तिथेच चुकलं.

दुपारी ते घरी आले ते एकटेच, पण छाती फुगवून.

“बुवा आले नाहीत. पण गिरिजा, मी हेर पकडून दिला!”

“बुवा नाहीत? अहो, पाच गावांहून लोक यायचेत!”

“देश आधी, देव नंतर. ऐक. बुश-शर्टातला एक इसम. पिशवीतून काळी भुकटी सांडत होती. बारूद! शेजारी छावणी, आणि हा प्लॅटफॉर्मवर रेघ ओढत चाललेला. पिशवीत पितळी चकत्या लावलेले दोन लाकडी तुकडे. स्फोटाचं यंत्र! मी सहा भाषांत नाव विचारलं. सहाही भाषांत गप्प. सहा भाषांत गप्प बसणारा माणूस सातवीचा हेर असतो.”

“मराठीत विचारलंत का?”

“शत्रूच्या हेराला मराठी कशाला येईल?”

गिरिजाबाईंनी पोळपाट बाजूला सारला. “बरं, मग तो काय करत होता?”

“खुणा! आधी ओठांवर बोट, मग आकाशाकडे. म्हणजे विमान येणार. आणि ठाणेदारानं दरडावलं, तर कमरेवर दोन्ही हात ठेवून असा ताठ उभा राहिला, की ठाणेदार म्हणाला, ‘अकड़ता है!’”

“काळी भुकटी, चिपळ्या, कमरेवर हात,” गिरिजाबाईंनी बोटांवर मोजलं. “अहो, बुक्का तो! आणि कीर्तनाच्या दिवशी बुवा गळा जपायला दिवस मावळेपर्यंत मौन धरतात, आकाशातला सूर्य दाखवत होते ते! आपल्या विठोबासारखे उभे राहिले, तेही कळलं नाही तुम्हाला? उठा. नाहीतर आज बुवा कोठडीत आणि मी तोंड लपवून माहेरी!”

ठाण्यात बुवा बाकावर शांत बसले होते. बुक्क्याची पुडी वाळूच्या बादलीत ठेवली होती. “सूंघो मत, जहर भी हो सकता है,” असं सकाळी सदाशिवरावांनीच बजावलं होतं, त्यामुळे तिच्याजवळ कोणी फिरकत नव्हतं.

“ठाणेदारसाब,” सदाशिवराव म्हणाले, “हमारा थोडासा गैरसमज झालेला है. ये महाराज है.”

ठाणेदार भंवरसिंह यांनी मिशीवर हात फिरवला. “सुबह तो जासूस था.”

“वो हमको वैसा वाटा.”

“और आप कौन हैं?”

सदाशिवरावांनी झोकात कार्ड पुढे केलं. “हम? हम खुद जासूस है.”

“दो हो गए,” ठाणेदार हवालदाराला म्हणाले. “इनको भी बिठाओ.”

बाकावर बसताच सदाशिवरावांना धीरासाठी संस्कृत आठवलं. तो सांकेतिक संदेश ठरला. मग इंग्रजी सुचलं, तेव्हा त्यांच्या खिशातलं पेनही वाळूच्या बादलीत गेलं. गुजराती सुरू होणार तोच पदर खोचून गिरिजाबाई पुढे झाल्या.

“भाईजी, थांका ठाकुरजी काँई करै छै? बंसी बजावै छै नै?”

ठाणेदार चमकले. हे तर त्यांच्या आईचं बोलणं! भाजीवाल्या भूरीबाईशी रोज मेथीवरून भांडता भांडता गिरिजाबाईंनी इथली ढूंढाडी उचलली होती. सदाशिवरावांनी ती कधी मोजली नव्हती. ती बोली, भाषा नव्हे.

“म्हांका ठाकुरजी कमर पै हाथ मेलर ऊबा छै,” गिरिजाबाई म्हणाल्या. तुमचा देव बासरी वाजवतो, आमचा कमरेवर हात ठेवून भक्ताची वाट बघत उभा असतो. बाबा तेच दाखवत होते.

“पण बाबा बोल्या क्यूं कोनै?”

“मौनी छै, भाईजी. दिन आथम्यां बोलसी.”

“तो पहली क्यूं नहीं बताई?”

“मौनी कियां बताता?” मौनातला माणूस सांगणार कसा?

गिरिजाबाईंनी सरळ बादलीतली पुडी उचलली, चिमूट हुंगली आणि स्वतःच्या कपाळी लावली. ठाणं उडालं नाही. ठाणेदारांनी लांबूनच नाक पुढे केलं, मग जवळून, मग मान वाकवून कपाळ पुढे केलं.

दिवस मावळला आणि हॉलमध्ये बुवांनी मौन सोडलं. पहिलं वाक्य ते बोलले ते मागे दाराशी उभ्या ठाणेदारांकडे बघून, खणखणीत ढूंढाडीत. पुष्कर-अजमेर करण्यात बुवांचं अर्धं आयुष्य गेलेलं. ठाणेदार हसले, सभा हसली, एकटे सदाशिवराव शेजाऱ्याला अर्थ विचारत राहिले. आणि मग टाळ असे लागले, की सुभेदारणींच्या डोळ्यांना धारा.

शेवटी सगळे बुक्का लावून घ्यायला गेले. सदाशिवराव सर्वांत मागे. क्षमा मागायची होती, पण सातही भाषांत शब्द सापडेना. ते नुसते उभे राहिले. बुवांनी त्यांच्या कपाळी चिमूटभर जास्तच बुक्का लावला आणि हसून दोन्ही हात कमरेवर ठेवले.

या वेळी सदाशिवरावांना अर्थ लागला. उशीर केलास, पण आलास.

घरी जाताना मात्र ते म्हणाले, “मला पहिल्यापासून संशय होताच, की तो माणूस कीर्तनकार असणार.”

गिरिजाबाई ढूंढाडीत काहीतरी पुटपुटल्या.

ती शाबासकी असावी, असा त्यांनी निष्कर्ष काढला.