हळदीआधीचा दुधी

कोटाचं बटण काही केल्या काजापर्यंत पोचेना. बहिणीच्या मुलाची हळद शुक्रवारवर आलेली. दयाराम नवरदेवाचा सख्खा मामा, म्हणजे मांडवात पहिला मान त्याचा. पण त्याचं पोट मानाच्याही पुढे जाऊन बसलं होतं. उरणच्या बंदरात ज्याचे ट्रेलर पळत, ज्याच्या आवाजाने ड्रायव्हर बिड्या विझवत, तो माणूस आरशासमोर श्वास रोखून उभा राहिला. शेवटी त्याने श्वास सोडला आणि बटण तुटून पलंगाखाली गेलं.

"बाबा, तुमच्या बॉडीत टॉक्सिन्स साठलेत," बेलापूरला नोकरी करणारी त्याची लेक प्राप्ती म्हणाली.

"कुठं साठलेत?"

"सगळीकडे. आपण दोघं मिळून डिटॉक्स करू. फोनवर अख्खा प्लॅन आलाय. हळदीच्या दिवशी सकाळी संपतो."

या शेवटच्या वाक्यावर दयाराम फसला. हळदीची तारीख ठरल्यापासून त्याचा डोळा केसरच्या, म्हणजे बहिणीच्या, मांडवातल्या मटणावर होता. लाकडं पेटवून मोठ्या टोपात शिजवलेलं मटण आणि सोबत तांदळाची भाकरी. त्यासाठी आठवडाभर लोखंडाचे चणे चावायला लागले असते तरी त्याने चावले असते. पण प्लॅनमध्ये चणेही नव्हते.

सकाळी तांब्याभर पाणी, त्यात रात्रभर भिजवलेली तुळशीची पानं. दुपारी दुधीचा रस. संध्याकाळी दुधीचंच सूप. शिवाय कातडीतलं विष ओढून काढायला तोंडाला मुलतानी माती.

"मी या भानगडीत नाय," बायको सगुणा म्हणाली आणि तिने तव्यावर बोंबील टाकले. तो वास ओसरीवर आला तेव्हा दयारामने दुधीचा रस डोळे मिटून प्यायला, पण नाक मिटता येत नव्हतं.

रविवार उजाडला. मासे विकणारी आवडाबाई दर रविवारी पहिली पाटी दयारामच्या ओट्यावर उतरवायची. त्याच्या हातची भवानी झाली की दिवस बरा जातो असा तिचा अनुभव. दयारामने घाईघाईत तोंडावरची माती धुतली, पण कपाळावर एक उभा पट्टा राहिला तो त्याला दिसला नाही. पुढ्यात तुळशीच्या पाण्याचा तांब्या घेऊन तो बसलेला.

"जिताडा हाय बग, जित्ता!" आवडाबाईने फडकं बाजूला केलं.

दयारामच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगून टाकावं असं त्याला वाटलं. पण कोट बसावा म्हणून लेक आपल्याला दुधी पाजते, ही बातमी दुपारपर्यंत ट्रेलरच्या नाक्यावर गेली असती, आणि मग एकाही ड्रायव्हरने बिडी विझवली नसती.

"मना नको," तो आभाळाकडे बघत म्हणाला. "म्हावरा बंद केलाय."

"बंद? तू?"

आवडाबाईने तांब्यातली तुळस बघितली, कपाळावरचा पट्टा बघितला, ओले डोळे बघितले. घरात सुतक नाही, अंगात ताप नाही, आणि गडी रविवारी जिताड्याला नको म्हणतो! खाडीकाठच्या त्या गावात याचा अर्थ एकच होत होता. दयाराम माळ घालणार. जन्माचं मासमटण सोडून देवाचा होणार. तिने हात जोडले, पाटी उचलली आणि दयारामला काही उमगायच्या आत ती बातमी घेऊन गावात शिरली.

गुरुवारी ट्रेलरच्या केबिनमध्ये चढताना दयारामला अंधारी आली. ड्रायव्हरने त्याला डॉक्टरकडे नेलं. सगळी हकीकत ऐकून डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "शरीर आतून धुवायला दुधी लागतो, हे तुम्हाला सांगितलं कुणी? लिव्हर आणि किडन्या जन्मापासून तेच काम करतायत, बिनपगारी. तुम्ही नुसते उपाशी आहात. जे काय वजन उतरलं असेल ते बरंचसं पाणी, येईल परत."

"मंग मटन?"

"खा की. बेताने खा, रोज चाला."

"डॉक्टर, येवढा चिठ्ठीवर लिहून द्या. घरी दाखवायला."

चिठ्ठी खिशात घालून दयाराम गुणगुणत घरी आला. ओट्यावर भजनी मंडळ बसलं होतं. मध्ये अनंताबुवा, आणि शेजारी पदराने डोळे पुसणारी केसर.

"रामकृष्ण हरी!" बुवांनी त्याला मिठीच मारली. "सगला गाव हरखलाय बग. उद्या हलदीच्या मांडवातच माल घालू तुला."

दयारामने मिठीतून मान बाहेर काढली. "बुवा, ऐका तरी. ते प्राप्तीच्या फोनवर आलेला..."

"कुठनं का येईना. देव कुठनं बी हाक मारतो."

दयारामने आशेने बहिणीकडे बघितलं.

"दादा," केसर म्हणाली, "आपल्या बाबांनी जाताना तुजा हात धरून येवढाच मागितला होता, माल घाल म्हनून. तू 'बघू' म्हनलास. मना वाटला, इसरलास."

दयाराम विसरला नव्हता. म्हाताऱ्याचा तो हलका, कोरडा हात त्याला अजून आठवत होता. त्याला लाज वाटली, आणि भूकही लागली होती, आणि दोन्ही एकाच जागी दुखत होतं. खिशातल्या चिठ्ठीवर त्याने हात ठेवला. मग तो हात त्याने तसाच बाहेर काढला आणि बहिणीच्या डोक्यावर ठेवला. चिठ्ठी खिशातच राहिली.

शुक्रवारी मांडवात डीजे थांबवून दयारामच्या गळ्यात माळ पडली. टाळ्या झाल्या. कोटाचं पुन्हा शिवलेलं बटण लागत नव्हतंच, पण सत्काराच्या शालीखाली ते कुणाला दिसलं नाही. मग त्याला मानाने माळकऱ्यांच्या वेगळ्या पंगतीत नेऊन बसवलं. पत्रावळीवर भात आला, वरण आलं आणि भाजी आली. भाजी दुधीची होती.

खाडीवरचा वारा मटणाच्या टोपावरून थेट इकडेच येत होता. समोरच्या पंगतीत प्राप्ती भाकरीचा तुकडा रश्शात बुडवत होती.

"तुजा डिटॉक्स?" दयारामने खोल आवाजात विचारलं.

"मी तर मंगळवारीच सोडला, बाबा. डोकं जाम दुखायचं. पण तुम्ही इतके मनापासून करत होता, म्हटलं, कशाला मोडता घाला!"

दयारामने दुधीचा घास घेतला. आता हा प्लॅन कोणत्या सकाळी संपणार, हे विचारायलाही कुणी नव्हतं.

लग्न पार पडलं आणि रविवार आला. लांबून आवडाबाईची हाक ऐकू आली तसा दयाराम सवयीने ओट्याच्या कडेला सरकला. तिने त्याला पाहिलं, पाटीवर पदर ओढला आणि वाट सोडून ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालू लागली.

"रामकृष्ण हरी, माऊली!" तिने तिकडूनच मान लववली.

"रामकृष्ण हरी," दयाराम म्हणाला. पदराखालून एक शेपटी बाहेर आली होती. जिताडाच होता.

एवढ्यात आतून प्राप्ती धावत आली. "आवडामावशी, थांबा! बाबांना नको, पण मला आणि आईला पाहिजे!"

"नाय गो बाय," आवडाबाई चालता चालता म्हणाली. "ज्या घरात माल आली तिथं मी पाटी उतरवत नाय. मना पाप नको."

सगुणा दारात उभी होती. तिने प्राप्तीकडे एकदा नीट बघितलं, आणि आत जाऊन दुधी चिरायला घेतला.