एका रुपयाची वडीगोद्री स्वारी

तख्ते गेली, तोफा गंजल्या. परंतु वडीगोद्रीस एका रुपयावरून जाहलेले युद्ध लिहून न ठेविल्यास पुढील पिढ्या टॉफीसच चलन समजतील, सबब हकिकत कलमबंद केली ती ऐकावी.

राजेश्री तातेराव, निवृत्त कंडक्टर, तीस वर्षे लाल गाडीत सुट्ट्यांसाठी झुंजलेले बहाद्दर. भाची दीपमाला हिचे लग्न दुपारी बारास लागणार, आहेराच्या पाकिटात पाचशेची नोट सिद्ध, आणि वरचा रुपया मात्र नाही. मामाचे पाकीट वरच्या रुपयाविना जाणे म्हणजे भर मांडवात नाक कापून घेणे. मग खासा स्वारी उन्हातान्हात हमरस्त्यावरील मुनीरसेठ किराणेवाले यांचे दुकानावर चालून गेली.

सेठजींपाशी रुपयांची बरणी काठोकाठ. परंतु रुपया पाडण्यास सरकारास एक रुपया अकरा पैसे खर्च येतो, ऐसे त्यांनी अखबारात वाचिले आणि तेव्हापासून बरणीवर पहारा बसला, गिऱ्हाइकांस टॉफ्या सुटल्या. आताही फर्मान निघाले की रुपया पाहिजे त्याने एक रुपया अकरा पैसे भरावे, बिलकुल कमी नाही.

तातेरावांपाशी बारास अवघा पाव तास उरला होता. पण हाड जुने, हो! मग त्यांनी दोन रुपयांचे नाणे काउंटरावर ठेविले आणि शांतपणे बोलले, "एक रुपया द्या, अन् वरचे एकोणनव्वद पैसे बराबर सुट्टे. टॉफी घेत न्हाई."

सेठजींनी गल्ला उलथा केला, पोती झाडिली, आणि एकोणनव्वद पैसे अवघ्या अंबड परगण्यात मिळेनात. मागे गिऱ्हाइके खोळंबली. मग आतून रहिमुन्निसा बेगम यांचा हुकूम सुटला की भाईजानला दोन रुपये देऊन जल्दी मोकळे करा, लग्नाला आपल्यालाही जाणे आहे. मुनीरसेठांनी बरणीतून एकेकाचे दोन रुपये मोजिले. ठरलेले अकरा पैसे बुडाल्याचे दुःख त्यांचे तोंडावर उघड दिसत होते.

फत्ते जाहली. तातेराव धापा टाकीत मांडवी दाखल जाहले आणि पाचशे एक रुजू केले.

जेवणे उठल्यावर पाकिटे फोडिली, तो मुनीरसेठांचे पाकिटात पाचशेची नोट आणि वर एक टॉफी. तातेरावांनी पंगतीत स्वारीची हकिकत सांगितलीच होती, मांडव हसून लोटपोट. नवरीने ती तिथेच तोंडात टाकिली आणि म्हणाली, "मामा, तुमचा रुपया महाग खरा, पण ही गोड हाय."

येणेप्रमाणे विजय तातेरावांचे नावे दाखल केला. टॉफी परत मिळाली नाही.