शेडगे मास्तर वाट चुकतात

आमचे शेडगे मास्तर मुळशी खोऱ्यात जन्मले, तिथल्याच बांधांवर गुरं राखत वाढले, आणि त्याच मुळशी खोऱ्यात दर वेळी वाट चुकले. पुण्यात त्यांना डोळे बांधून कुठल्याही बोळात सोडलं असतं, तरी ते नुसत्या भज्यांच्या वासावर शाळेत येऊन पोचले असते. पण रविवारी पौडच्या पुढच्या एखाद्या फाट्यावर एसटीतून उतरून आम्ही धरणाच्या बाजूला चालू लागलो, की दुपारच्या सुमाराला ते हमखास थांबायचे, कपाळावर हात मारायचे आणि जाहीर करायचे, "गुरुजी, घोळ झाला. वाट चुकली."

गुरुजी म्हणजे मी. शाळेत मी मराठी शिकवायचो आणि मास्तर कवायत. आमच्यातले तिसरे म्हणजे चित्रकलेचे साठे. ते निसर्ग बघायला म्हणून आले आणि पहिल्या रविवारी त्यांनी निसर्गापेक्षा स्वतःच्या फोड आलेल्या टाचाच जास्त पाहिल्या.

चालण्याच्या बाबतीत मास्तरांचं स्वतंत्र शास्त्र होतं. "दम लागला म्हनून मानूस बसत न्हाई, बसतो म्हनून दम लागतो," हा त्यातला पहिला नियम. साठे बांधावर टेकले रे टेकले, की मागून शिट्टी वाजायची. भातखाचरांतून जाताना मास्तर "एका रांगेत!" असं ओरडायचे, जणू हातभर रुंदीच्या बांधावरून आणखी कुठल्या पद्धतीनं चालता येतं. डांबरी सडकेवर त्यांचा विशेष राग. "सडकंनं मानूस पोचतो, पर चालत न्हाई," असं म्हणून ते सडक दिसताच तिच्याकडे पाठ करत आणि आम्हाला काट्याकुट्यांत घालत. डबा आणायला सक्त मनाई होती. "वाटंत गावं हायेत ती काय नुसती बघायला?"

बाकी त्यांचं ज्ञान अफाट. कुठल्या झऱ्याला उन्हाळ्यातही पाणी असतं, कुठला हिरडा कोणाच्या वाटणीचा, त्या वाटणीवरून कोणाचा आजा कोणाच्या आज्याच्या अंगावर कोयता घेऊन धावला होता, सगळं त्यांना तोंडपाठ. इतकं ठाऊक असलेला माणूस वाट चुकतो कसा, याचा उलगडा आम्हाला कितीतरी दिवस झाला नाही. त्यात चुकण्याची जागाही तीच. ऐनाच्या रानातून खाली उतरलं, की एका वाकड्या जांभळीखाली ते कपाळावर हात मारत, आणि तिथून 'नशिबानं' समोर एक वस्ती दिसे. धरणाच्या पाण्यापायी वर सरकलेली दहाबारा घरं, खाली लांबवर पसरलेलं निळं पाणी, आणि अगदी कडेच्या घराच्या अंगणात उभी असलेली एक बाई.

मास्तर टोपी सारखी करून अंगणाच्या कडेला उभे राहत. "बाई, आमी वाट चुकलेली मानसं. घोटभर पानी मिळंल का?"

"कुटलं म्हनायचं पाव्हणं?" बाई विचारी.

"पुन्याकडचं."

"असूं द्या. बसा की."

अंगणात घोंगडी अंथरलेलीच असे. पाणी मागितल्यावर पाठोपाठ तांदळाच्या वाफाळत्या भाकऱ्या येत, पावट्याची आमटी येई, आणि बरोबर एक चटणी. ती चटणी कशाची, हे शाकाहारी साठ्यांनी कधी विचारलं नाही आणि ती सुकटीची आहे, हे आम्ही कधी सांगितलं नाही. वाट चुकलेल्यांसाठी इतक्या भाकऱ्या आधीच थापून ठेवणारं गाव मी तरी दुसरं पाहिलं नाही.

पडवीत त्या बाईंचा नवरा पाठमोरा बसलेला असे. त्याला काही बोलायचं झालं, की तो पडवीच्या खांबाशी बोले. "पुन्याच्या मानसांना डोळं नसत्यात," असं तो खांबाला सांगे. यावर मास्तर आमटीकडे बघत म्हणत, "काही मानसांना काळीज नसतंय." मग खांब आणि आमटी दोघंही गप्प बसत. निघताना बाई पदरानं उगाच डोळे पुसत आणि म्हणत, "चूल लई धुरावतीया." चूल आत होती आणि आम्ही अंगणात.

शेवटी साठ्यांनी पौडच्या चहावाल्याकडून सगळी हकीकत काढली. चित्रकलेच्या माणसाला एवढ्या चौकशा कशा जमतात कोण जाणे! ती बाई म्हणजे मास्तरांची सख्खी धाकटी बहीण, गंगूबाई. खांबाशी बोलणारे ते मेव्हणे, रामभाऊ. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं लग्न झालं. नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, हा मास्तरांचा मान. पण त्या दिवशी शाळेत क्रीडास्पर्धा होत्या, हेडमास्तरांनी दुपारपर्यंत सोडलं नाही, आणि पुढं एसटी पौडलाच बंद पडली. मास्तर तिथून धावत सुटले. ते मांडवात पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि नवरीच्या मागं कोणीतरी लांबचा मामा उभा होता.

"माज्यासाठी घटकाभर थांबता येत नव्हतं?" मास्तर भर मांडवात कडाडले.

"मुहूर्त काय मामाची वाट बघत बसतोय व्हय?" रामभाऊही कमी नव्हते.

मास्तरांनी शपथ घेतली, "आपनहून ह्या घराची पायरी चढलो तर बापाचं नाव लावनार न्हाई." रामभाऊंनी सांगितलं, "मीबी बोलवाया येनार न्हाई." झालं! एकानं यायचं नाही, दुसऱ्यानं बोलवायचं नाही. गंगूबाईंना माहेर म्हणून या भावाशिवाय कोणी उरलं नव्हतं. मास्तरांची बायको लग्नानंतर दोनच वर्षांत गेलेली, मूलबाळ नाही. त्यांनाही या बहिणीखेरीज कोणी नव्हतं. तेव्हा उरला एकच मार्ग. वाट चुकलेला माणूस काही आपणहून येत नाही, आणि त्याला कोणी बोलवावंही लागत नाही. हे कळल्यावर मला मास्तरांचा असा काही लळा लागला, की त्यांच्या शिट्टीचाही राग येईनासा झाला. आम्ही दोघं मुकाट्यानं त्यांच्याबरोबर चुकत राहिलो.

मग भाद्रपदातला तो रविवार उजाडला. भात निसवून लोंब्या बाहेर डोकावत होत्या, बांधांवर तेरडा फुलला होता, पाऊस उगीच भुरभुरत होता. आम्ही ऐनाच्या रानात शिरलो आणि डोंगरावरचे ढग खालीच उतरले. पुढं चालणाऱ्या साठ्यांची छत्रीसुद्धा दिसेना. मास्तर थांबले. या वेळी त्यांनी कपाळावर हात मारला नाही.

"चुकली ना वाट?" साठे खुशीत म्हणाले. "बरं झालं. भूक लागलीच होती."

मास्तर हळूच म्हणाले, "साठे, खरंच चुकली."

आम्ही बरंच चाललो आणि फिरून त्याच वारुळापाशी आलो. पुन्हा चाललो, पुन्हा तेच वारूळ. आणि मग जे आम्ही कधी पाहिलं नव्हतं ते झालं. मास्तर ओल्या दगडावर मटकन खाली बसले.

"गंगी बसली असंल भाकऱ्या थापून," ते म्हणाले. तिचं नाव त्यांनी आमच्यासमोर प्रथमच घेतलं. "आज न्हाई पोचलो, तर तिला वाटंल दादानं यायचं सोडलं. एकडाव उशीर झाला तर ह्ये एवढं झालं, गुरुजी."

साठे आपली छत्री त्यांच्या डोक्यावर धरून स्वतः भिजत उभे राहिले.

इतक्यात धुक्यातून हाक आली. "चंद्रेऽऽ! ए चंद्रेऽऽ!" मागोमाग डोक्यावर इरलं घेतलेले रामभाऊच समोर आले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग शेजारच्या ऐनाच्या झाडाकडे पाहिलं आणि त्या झाडाला म्हणाले, "म्हस सुटलीया. तिला हुडकाया आलो हुतो."

एवढं बोलून ते वळले आणि पुढं चालू लागले. आम्ही त्यांच्या मागून निघालो. घर येईपर्यंत त्यांनी म्हशीला एकदाही हाक मारली नाही.

गंगूबाई अंगणाच्या कडेला पावसात तशाच उभ्या होत्या. भाऊ दिसताच पाव्हणं नाही नि पुणं नाही, त्या धावत आल्या आणि त्यांनी त्याच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. "आज खरंच चुकलास व्हय रं, दादा?"

मास्तरांची नजर गोठ्याकडे गेली. चंद्री दाव्याला बांधलेली होती आणि निवांत रवंथ करत होती. मास्तरांनी रामभाऊंकडे पाहिलं. रामभाऊंनी सवयीनं खांबाकडे बघितलं, पण या वेळी त्यांना खांबाशी काही बोलता आलं नाही. ते मास्तरांपुढं येऊन उभे राहिले.

"भिजलायसा. आत चला," ते म्हणाले.

"दाजी, तुमी बोलवताय?"

"व्हय. मी बोलवतोय."

मास्तर पायरी चढले. आत गेल्यावर रामभाऊंनी ट्रंक उघडली, तळातून एक गुलाबी फेटा काढला आणि मास्तरांच्या ओल्या डोक्याला बांधायला घेतला. "भाचीच्या मामाचा हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुनाला दिला न्हाई." त्यांना फेटा नीट बांधता येत नव्हता. मास्तर मान खाली घालून बसले होते. गंगूबाईंची चूल आता खरोखर धुरावली होती, कारण तिच्याकडे बघायला कोणी नव्हतं.

आम्ही तिथंच राहिलो आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो. मास्तरांनी फेटा उतरवला नव्हता. कंडक्टरनं तिकिटं फाडता फाडता त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "काय पाव्हणं, लग्नाला गेलता काय?"

"व्हय, भाचीच्या लग्नाला," मास्तर म्हणाले. "जरा उशिरा पोचलो. पर पोचलो."