पृथ्वी, नग एक

लाखेच्या सीलला पहिल्या वर्षी दोन तडे होते, दुसऱ्या वर्षी तीन आणि तिसऱ्या वर्षी पाच. त्यांतला सर्वांत लांब तडा चौदा मिलिमीटरचा होता. दर जून महिन्यात शाळा उघडली की महानंदाबाई कलशेट्टी पट्टी घेऊन तो मोजत आणि तारखेसह वहीत लिहून ठेवत. सील एका लाकडी खोक्यावर होतं, खोकं मुख्याध्यापकांच्या खोलीत होतं, आणि शाळा बार्शी रस्त्यावरच्या एका गावात, मुलींची, अकरावीपर्यंतची होती. महानंदाबाई तिथे शास्त्र शिकवत. शास्त्रवाल्यांचं काम नीटनेटकं असतं अशी समजूत असल्यामुळे ग्रंथालयही त्यांच्याकडेच आलं होतं.

खोक्यात काय आहे हे गावात सगळ्यांना पाठ होतं, कारण यादी बाहेरच चिकटवलेली होती. प्रोजेक्टर एक, फिल्मपट्ट्या चोवीस, काचेच्या स्लाइड साठ, मानवी डोळ्याची उघडणारी प्रतिकृती एक, पृथ्वीगोल एक. यादीखाली ठळक टीप होती : ‘सदर संच प्रशिक्षित ग्रंथपालानेच उघडावा.’

महानंदाबाई ग्रंथपाल होत्या, प्रशिक्षित नव्हत्या. तीन वर्षांत त्यांनी प्रशिक्षणासाठी अकरा अर्ज केले. अकरावा अर्ज पोचला तेव्हा पहिल्याचं उत्तर आलं, की तो विहित नमुन्यात नाही. तेवढ्या काळात अकरावीच्या दोन तुकड्या डोळ्याची आकृती फळ्यावरून वहीत उतरवून, पाठ करून, परीक्षेत काढून आपापल्या घरी निघून गेल्या. तिसरी तुकडी जायच्या बेतात होती, आणि तिच्यात वच्छला होती.

“बाई,” वच्छला भर वर्गात म्हणाली, “माजं लगीन आदी व्हतंय का तुमचं खोकं आदी उगडतंय?”

वर्ग हसला. महानंदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही तारखांचा मनाशी अंदाज केला आणि लग्नाची शक्यता जास्त आहे असं त्यांना आढळलं.

“उघडेल,” त्या म्हणाल्या. “मी तुला डोळा आतून दाखवीन.”

आणि १९७४च्या फेब्रुवारीत खरोखरच आदेश आला. ‘शालेय ग्रंथपालांसाठी दृक्श्राव्य साधनांचे तालिकीकरण व सुव्यवस्थापन प्रशिक्षण शिबिर, सोलापूर, कालावधी दहा दिवस.’

शिबिराला एक्केचाळीस ग्रंथपाल होते आणि साधन एक होतं. ते म्हणजे टेबलावर ठेवलेला पृथ्वीगोल. तज्ज्ञ मार्गदर्शक श्री. हुल्याळकर पुण्याहून आले होते आणि आयुष्यभर पुस्तकांत राहिल्यामुळे त्यांची मतं बांधीव होती.

“दृक्श्राव्य साधन म्हणजे काय?” त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं आणि स्वतःच सांगितलं, “जे पुस्तक नसूनही ग्रंथालयात येतं ते. म्हणून नियम पुस्तकाचेच. घ्या तालिकापत्र, म्हणजे नोंदीचं कार्ड. पहिली ओळ, कर्ता. पृथ्वीचा कर्ता कोण?”

बाहेर गिरणीचा भोंगा झाला.

“देव लिवा की,” मागून कोणीतरी म्हणालं. ते सांगोल्याकडचे धुळाप्पा मासाळ गुरुजी होते. घरची मेंढरं सांभाळत शिकलेला माणूस. बोलताना समोरच्याच्या हुद्द्याकडे त्यांचं लक्ष नसे.

हुल्याळकर साहेबांना विनोद कळत नसे. ते त्यांच्या प्रगतीचं एक कारण होतं. “आधी आडनाव, मग नाव,” ते म्हणाले. “तुमच्याकडे पूर्ण नाव आहे का? नाही ना? मग ‘कर्ता अज्ञात’ लिहा.”

पृष्ठसंख्येला दोन दिवस लागले. पृथ्वीला पान एकच आहे असा एक पक्ष होता, आणि जे संपतच नाही ते पान धरता येणार नाही असा दुसरा. अखेर ‘पृष्ठे : मोजली नाहीत’ यावर तडजोड झाली. चौथ्या दिवशी उंचीचा प्रश्न आला. गोल तिरका असल्यामुळे उंची आसाच्या रेषेत मोजायची की सरळ उभी, हे ठरेना.

“तिरका आहे म्हणूनच ही भानगड,” हुल्याळकर साहेब म्हणाले. “फळीवर तिरकं काहीही चालणार नाही. सुतार बोलवा, सरळ करून घ्या.”

महानंदाबाई दहा दिवसांत सभागृहात एकदाच बोलल्या, त्या तेव्हा. “साहेब, पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असतो. त्यामुळे ऋतू होतात.”

“सोलापुरात कुठे होतात?” साहेबांनी विचारलं.

एक्केचाळीस ग्रंथपालांनी घाम पुसत या युक्तिवादातलं तथ्य मान्य केलं. सुतार आला. त्याने दोन ठोक्यांत पृथ्वी सरळ केली. तिची उंची चौतीस सेंटिमीटर भरली, आणि त्या दिवसापासून जगात ऋतू उरले नाहीत याची नोंद घ्यायला तालिकापत्रावर रकाना नव्हता.

सहाव्या दिवशी गुप्त शिक्का शिकवला. पुस्तक चोरणारा पहिलं पान फाडतो, म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या एका ठरलेल्या आतल्या पानावरही शाळेचा शिक्का मारायचा. हे पान एकविसावं. फिल्मपट्टीला पानं नसतात, चौकटी असतात. तेव्हा एकविसाव्या चौकटीवर.

“पर साएब,” धुळाप्पा गुरुजी उठले, “शिक्का मारल्यावर त्या चौकटीतलं चित्र दिसंल व्हय?”

“शिक्का दिसेल,” साहेब म्हणाले. “तोच दिसायला हवा.”

“आन् ह्ये सगळं पोरांनी बगायचं कवा?”

“वापर हा विषय या शिबिराच्या अभ्यासक्रमात नाही.”

“मग कुटल्या शिबिरात हाय?”

“ते शिबिर अजून मंजूर नाही.” साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. “आणि लक्षात ठेवा. वापराने साधनाची झीज होते. नोंदीतल्या प्रत्येक वस्तूला ग्रंथपाल जबाबदार. वस्तू हरवली तर ती नोंदीतून कमी होईल. मग ती कार्यालयाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, आणि तिचं पुढे काय होतं याच्याशी कार्यालयाला कर्तव्य नाही. ग्रंथपालाच्या सेवापुस्तिकेत मात्र तांबड्या शाईने शेरा पडेल.”

तांबडी शाई म्हटल्यावर सभागृहात जी शांतता पसरली तिचं तालिकीकरण करता आलं असतं.

दुपारी कडक भाकरी चटणीत मोडत धुळाप्पा गुरुजी म्हणाले, “बाई, आमी मेंढरं रोज मोजतो. पर मोजायची कशापायी? चरायला सोडायसाटी. मोजून वाडग्यातच कोंडून ठिवली, तर आठ दिसांनी मोजायला निस्ती कातडी ऱ्हातीली.”

“नियम आहेत ना, गुरुजी.”

“नियमातच वाट हाय की. साएबांनी सोत्ता वाचून दावली. जे हरवलं, ते सुटलं.”

महानंदाबाईंची सेवापुस्तिका नऊ वर्षांची होती आणि तिच्यात तांबडा ठिपकासुद्धा नव्हता. पावसाळ्यात तिला कसर लागू नये म्हणून त्या कार्यालयात स्वतः जाऊन तिच्यात कडुलिंबाचा पाला ठेवत. “विचार करते,” त्या म्हणाल्या.

शिबिरात त्या पहिल्या आल्या. त्यांच्या तालिकापत्रावरची प्रत्येक ओळ समासापासून बरोबर बारा मिलिमीटरवर सुरू होत होती.

गावी परतल्यावर त्यांनी शिपाईबाई सोजरबाईंना चाकू आणायला लावला, तड्याचं शेवटचं माप घेतलं आणि सील तोडलं. मुलींनी गराडा घातला. कापसातून डोळ्याची प्रतिकृती निघाली, निळ्या बुबुळाची, कवठाएवढी. वच्छलाने हात पुढे केला.

“थांब!” महानंदाबाई ओरडल्या. “अजून क्रमांक पडायचाय!”

हा आवाज आपला नाही हे त्यांना तत्क्षणी कळलं. तो पुण्याहून आलेला होता. पण हात तोवर मागे गेला होता.

“पडू द्या की,” वच्छला म्हणाली. “मी हाय अजून पंदरा दिस.”

पंधरा दिवसांत काय होणार? प्रत्येक स्लाइड ही स्वतंत्र वस्तू, प्रत्येक वस्तूला तीन तालिकापत्रं, आणि कोरी तालिकापत्रं जिल्ह्याहून शंभराच्या गठ्ठ्याने वर्षातून एकदा येत. वच्छलाचं लग्न झालं. दरम्यान सरकारने मॅट्रिक अकरावीवरून दहावीवर आणली. अख्खी एक इयत्ता कमी करायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात महानंदाबाईंच्या चाळीस स्लाइड झाल्या.

मग मुख्याध्यापक बारबोले सरांनी शिक्क्याची आठवण केली. महानंदाबाईंनी चोवीस फिल्मपट्ट्या खिडकीच्या उजेडात धरून चौकटी मोजल्या. हृदयाच्या पट्टीत एकविसाव्या चौकटीवर झडपा होत्या. रेशमाच्या किड्याच्या पट्टीत त्याच चौकटीत पतंग कोश फोडून बाहेर येत होता. डोळ्याच्या पट्टीत दृष्टिपटल होतं. बाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि शिक्का मारला. पण मारला तो अगदी मधोमध, कारण वाकडा शिक्का त्यांना सहन होत नसे. गावच्या सुताराने पृथ्वी सरळ केली. बाईंनी तालिकापत्राच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं, ‘मूळ कल साडेतेवीस अंश.’ तेवढंच त्यांचं बंड.

काचेचं कपाट आलं. कुलूप आलं. सोजरबाई रोज काच पुसू लागल्या आणि बारबोले सर रोज काच बघू लागले.

“काय मांडणी आहे!” सर म्हणत. “बाई, आता यातली एक जरी वस्तू काढली तरी तोल जाईल.”

इतर शाळांचे शिक्षक मांडणी बघायला येऊ लागले. मुलींना महिन्यातून एकदा रांगेने कपाटासमोरून नेत. पृथ्वी फिरत नसल्यामुळे त्यांना तिची एकच बाजू दिसे, आणि त्या बाजूला मुख्यतः समुद्र होता. १९७६च्या जानेवारीत शाळेला ‘आदर्श मांडणी’ची जिल्ह्याची ढाल जाहीर झाली. ढाल द्यायला आणि त्याच फेरीत साठा पडताळायला विस्तार अधिकारी येणार होते.

त्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. ते नवे कपडे घालून आले, कपाटासमोर उभे राहिले आणि पोरींना म्हणाले, “लांबनं बगा. हात लावू नगा.” त्यांना मांडणी फार आवडली. हे वाचून हसू येत असेल तर आपल्या बैठकीतलं काचेचं कपाट आठवावं, आणि त्यातल्या पाहुण्यांसाठी राखलेल्या सहा कपांतून आपण स्वतः शेवटचा चहा कधी प्यालो ते सांगावं.

वच्छलाही आली होती, कडेवर वर्षाचं पोर घेऊन.

“उगडलं म्हनं खोकं?”

“उघडलं.”

“मग?”

“कपाटात ठेवलं.”

वच्छलाने काचेकडे पाहिलं. “म्हंजे लाकडातनं काचंत,” ती म्हणाली. “आमचंबी तसंच झालं बगा, बाई. म्हायेरातनं सासरात.” आणि ती एवढी मोठ्याने हसली की बारबोले सरांनी वळून पाहिलं. पोराने तेवढ्यात काचेवर तळहात टेकला. सोजरबाई फडकं घेऊन पुढे झाल्या.

“राहू द्या,” महानंदाबाई म्हणाल्या.

विस्तार अधिकारी खुर्चीवर बसले आणि त्यांनी नोंदवही उघडली. पडताळणीची त्यांची एक पद्धत होती. ते वहीतून मान वर काढत नसत. नाव पुकारायचे, उत्तर ऐकायचे, खूण करायचे. कपाट त्यांच्या पाठीमागे असलं काय आणि तालुक्यात नसलं काय, पडताळणीला बाध येत नसे.

“ढालीचं नंतर,” ते म्हणाले. “आधी साठा. बाई, ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच बोला. नाही म्हणालात तर कारण सांगा.” टेबलावर दोन दौती होत्या, निळी आणि तांबडी. तांबडीचं बूच घट्ट बसलेलं होतं.

“तुमचं काय, ‘आहे आहे’ करत दहा मिनिटांत उरकेल,” बारबोले सर कौतुकाने म्हणाले. “एक तुकडा हललेला नाही, साहेब.”

दाराशी दहावीच्या मुली उभ्या होत्या. त्यांची परीक्षा दोन महिन्यांवर होती, आणि डोळ्याची आकृती त्यांना पाठ होती. किल्ली सोजरबाईंच्या हातात होती. सोजरबाईंनी कितीतरी महिने काच पुसली होती. त्या काचेकडे बघत नव्हत्या, बाईंकडे बघत होत्या.

“दाखल क्रमांक एक,” अधिकाऱ्यांनी वहीकडे बघत पुकारलं. “पृथ्वी, नग एक.”

कपाटात पृथ्वी ताठ उभी होती. तिच्यापुढे काचेवर पाच बोटांचा ठसा होता. महानंदाबाईंनी तो नजरेनेच मोजला. सहा सेंटिमीटर.

“बाई,” बारबोले सर हसत म्हणाले, “बोला की. समोरच तर आहे.”

“आहे की नाही?” अधिकाऱ्यांनी निळा टाक वहीवर धरला.

“नाही,” महानंदाबाई म्हणाल्या. “हरवली. साहेब, तांबडा टाक घ्या, आणि खालचं सगळं हरवलं असंच लिहा.”